‘शंका आली म्हणजे आत पाप दडलंय’: मॉर्मन घरांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या युटामधल्या आमच्या भाचीला तिच्या मॉर्मन (जोसेफ स्मिथ यांनी काढलेल्या ख्रिस्ती चर्चच्या) सासरच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा आला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मेसेज म्हणतो: श्रद्धा डळमळली म्हणजे पाप किंवा आळस, बाहेरचं वाचन बंद करा, ‘आपल्या शंकांवरच शंका घ्या’, ‘मला ठाऊक आहे’ म्हणता येत नसेल तर साक्ष द्यायला (सभेत उभं राहून आपली श्रद्धा सांगायला) उठू नका, जोडीदार डगमगला तर मुलांसाठी वेगळे व्हा.

शंकांवर शंका घेण्याचं ते वाक्य चर्चचे वरिष्ठ नेते डीटर उख्टडॉर्फ यांचं, ऑक्टोबर २०१३ च्या जनरल कॉन्फरन्स या जगभरच्या सभासदांच्या अधिवेशनातलं. त्याच भाषणात ते सांगतात की चर्च सोडणाऱ्यांना आपण दुखावलेले, आळशी किंवा पापी समजतो, पण गोष्ट इतकी सोपी नाही. नेत्यांकडूनही चुका झाल्या आहेत. हे मात्र मेसेजवाल्याने सोयीने गाळलं.

आणि बाहेरचं वाचन बंद करून काय साधणार? हादरवणारा मजकूर चर्चच्याच संकेतस्थळावर आहे. २०१३ ते २०१५ दरम्यान आलेले ‘गॉस्पेल टॉपिक्स’ निबंध (अवघड प्रश्नांवर चर्चनेच लिहिलेले) उघडा. जोसेफ स्मिथ टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड घालून ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथाचा मजकूर सांगत, हे तिथे आहे. २०१५ मध्ये त्या तपकिरी, अंड्याएवढ्या दगडाचे फोटोही चर्चनेच प्रसिद्ध केले. स्मिथ यांच्या बायका ३० ते ४० असाव्यात, एकीला पंधरावं पूर्ण व्हायला काही महिने होते, हेही तिथेच. रविवारच्या वर्गात वर्षानुवर्षं दाखवलं काय, तर तो ग्रंथ ज्यांवर कोरला होता म्हणतात त्या सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचणारे स्मिथ! मग ‘हे मला आधी का नाही सांगितलं?’ असं कुणी विचारलं तर त्यात पाप कसलं?

एक मात्र नाइलाजाने मान्य: रात्रभर जागून सगळं एकदम वाचणं घातक. प्रश्न वहीत लिहा आणि तीन भाग करा: इतिहास, शिकवण, वॉर्डातल्या (स्थानिक मंडळीतल्या) माणसांनी दिलेला त्रास. एका वेळी एकच निबंध, तोही तळटीपांसकट. बिशपकडे, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाकडे, तिसरा भाग न्या. तो बिनपगारी, तुमच्यासारखाच नोकरी-धंदा करणारा; इतिहासात तो तुमच्याइतकाच चाचपडेल.

साक्षीचं म्हणाल तर ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या चर्चच्याच धर्मग्रंथातलं ४६:१३-१४ वाचा. काहींना ज्ञान मिळतं, काहींना त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणं, दोन्ही देणगीच. ‘मला आशा आहे’ म्हणून खाली बसा, चालतं. श्रद्धा पुन्हा उभी करायची तर सुरुवात इतक्या खऱ्या वाक्यापासूनच करा. टेम्पल रेकमेंड (चर्चच्या पवित्र मंदिरात जायचा परवाना) दर दोन वर्षांनी नवं करताना साक्षीबद्दल आणि पूर्ण दशांशाबद्दल (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याबद्दल) विचारतात, तिथे खोटं बोलू नका. ते नसलं तरी सदस्यत्व जात नाही, सॅक्रमेंट मीटिंग, म्हणजे रविवारची उपासना, सर्वांना खुली असते. नात्यातल्या कुणाच्या टेम्पलमधल्या सीलिंगला (नवरा-बायकोला अनंतकाळासाठी बांधणाऱ्या विधीला) मात्र आत जाता येत नाही. त्यावर वाट आहे: मे २०१९ पासून आधी सर्वांसमोर नागरी विवाह केला तरी सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागत नाही.

राहिला वेगळं होण्याचा सल्ला. तो देणाऱ्याने बायबलमधलं १ करिंथ ७:१२-१३ वाचलेलं दिसत नाही. विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर सोडू नका, असं पौलाने स्पष्ट लिहिलंय. बिशप आणि फेसबुकच्या आधी जोडीदाराला सांगा, आणि सगळी यादी ओतण्यापेक्षा एकच प्रश्न सांगा. दशांश, गारमेंट (धार्मिक अंतर्वस्त्र), मुलांचा बाप्तिस्मा हे निर्णय एका बैठकीत उरकू नका. मूल आठ वर्षांचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वयाचं, होत आलं असेल तर बाप्तिस्म्याचं आधी बोला, बाकीचं थांबू शकतं.