भाव लिहायला काय होतं तुम्हा हॉटेलवाल्यांना?

पापलेट, एपीएस. सुरमई, एपीएस. चिंबोरी, एपीएस. अख्ख्या पानावर एकाही मोठ्या मासळीपुढे आकडा नाही. 'अ‍ॅज पर साइज'! मासा तुम्ही आणणार, वजन तुम्ही आत जाऊन करणार, भाव तुमच्या मनात. मग ते जाडजूड मेनूकार्ड आमच्या हातात देता कशाला?

काल सासूबाईंच्या पंचाहत्तरीला अशाच एका हॉटेलात गेलो होतो. वेटरने बर्फावर मांडलेल्या मासळीचा ट्रे आणला. त्यातलं एक चांगलं रुंद, चकचकीत पापलेट सासूबाईंनी बोट ठेवून सांगितलं. मी लगेच विचारलं, "केवढ्याला?" "वजन करून सांगतो मॅडम." गेला तो थेट तळलेलं पापलेट घेऊनच आला. जाड रव्याखाली लपवलेलं आणि दाखवलेल्यापेक्षा सरळसरळ लहान! म्हणे तळल्यावर आकसतं. अरे, जन्म गेला माझा पापलेटं तळण्यात, आकसून किती आकसतं ते मला शिकवतोस? बिलात त्या एका मासळीचे 2,200 रुपये. मॅनेजरला बोलावलं तर तो म्हणतो, "साइज मोठा होता." ताटात लहान आणि बिलात मोठा!

बाजारातली कोळीण भाव आधी सांगते, कल्ले उघडून दाखवते, घासाघीस करू देते. तिला लोक तोंडाळ म्हणतात. आणि हे टाय लावून लुबाडतात ते सभ्य.

वर "एकदम फ्रेश, आज सकाळीच बोटीवरून आलंय." जुलै महिन्यात? 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बर्फातलं आहे, बाहेरून आणलंय असं सांगा ना, खाऊ आम्ही. खोटं कशाला बोलता?

आणि ती सोलकढी! आमसुलं भिजवून, नारळाचं दूध काढून करायची गोष्ट ती. हे लोक रंगाचं गुलाबी पाणी देतात आणि त्याचेही पैसे लावतात. तिसऱ्यांच्या सुक्यात नुसत्या शिंपल्या. तांदळाची भाकरी गार, वातड. फिश कोळीवाडा मागवा, बासा नावाच्या भलत्याच माशाचे तुकडे येतात, मेनूवर त्याचं नाव कुठेच नाही. 2023 साली पापलेटाला राज्यमासा केलं, ते पिल्लं मारली जाऊ नयेत म्हणूनच ना? त्याच पापलेटाची तळहातात मावतील एवढी पिल्लं हे थाळीत तळून वाढतात. बघूनच अंगाचा तिळपापड होतो.

एवढ्यावर थांबले का? बिलाखाली 10 टक्के सर्व्हिस चार्ज. 2022 सालापासून केंद्राचे नियम आहेत की तो आपणहून बिलात लावायचा नाही, 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला, "आमची पॉलिसी आहे." आजूबाजूच्या टेबलांवरचे माना वळवून बघत होते, जणू मीच फुकट खायला आले होते. आणि सासूबाई, वाढदिवस त्यांचा, घरी येईपर्यंत "माझ्यामुळे एवढा खर्च झाला" म्हणत होत्या. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

आज सकाळी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावला. सर्व्हिस चार्जची तक्रार नोंदवली आणि त्या पापलेटाचीही. बिलाचा फोटो जपून ठेवलाय. पैसे परत घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.