सुरी म्यानातच ठेव, आधी गरम पाणी आण

गेल्या रविवारी जयगडच्या खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गेलो होतो. मी, धाकटा भाऊ आणि त्याचा 17 वर्षांचा मुलगा. पोराच्या गरीला शिंगाळा, म्हणजे मिशांचा काटेरी मासा, लागला. हौसेने त्याने तो मुठीत पकडला आणि बाजूचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. तो किंचाळला, ते समजू शकतो. पण पुढच्या क्षणी त्याने कमरेची कोरी करकरीत सुरी उपसली आणि स्वतःच्याच हाताला चीर द्यायला निघाला. मी मनगट धरलं तर माझ्यावरच ओरडला, "काका, मेसेजमध्ये असंच लिहिलंय!"

'मासेमारीची सुरी निवडण्याचे सहा नियम' हा तो मेसेज. बहुतेक तुमच्याकडेही येऊन गेला असेल. पातं किमान 6 मिलिमीटर जाड हवं. पाठीला करवतीचे दात आणि मूठ पोकळ हवी. स्टेनलेस गंजत नाही, धुवायची गरज नाही. लोखंडी पात्याने कापलेला मासा विषारी होतो. काटा लागला तर चीर देऊन रक्त चोखून थुंका. आणि 6 इंचांवरच्या पात्याला परवाना लागतो. हे पोराला पाठवलं कोणी, तर त्याच्या बापाने. पोराने मग नियम वाचून तशीच सुरी मागवली.

पाचव्या नियमापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंच्या परांत. मासा घाबरला की ते ताठ उभे राहून अडकतात, मग दाबून बसत नाहीत. काट्याला बारीक दाते असतात आणि विष त्यावरच्या पातळ कातडीत असतं. ते आत गेलं की चोखून बाहेर येत नाही. चीर दिल्याने जखम तेवढी मोठी होते, आणि खाडीच्या पाण्यातले जंतू आत जायला वाट मिळते. तळहातात अंगठ्याच्या मुळाशी किती शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या असतात, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. साप चावल्यावरसुद्धा चीर देऊ नका, चोखू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग माशाच्या काट्याला हा उद्योग कशाला?

करायचं काय, तर गरम पाणी. ही आजीची समजूत नव्हे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची 'ॲन्झकॉर' समिती प्रथमोपचाराची मार्गदर्शक तत्त्वं काढते. किनाऱ्यावर माशाचे काटे लागणं त्या देशांत नित्याचं, त्यामुळे त्यासाठी वेगळं प्रकरणच आहे. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, हा त्यातला मुख्य उपाय. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णता प्रथिनं बिघडवते. पाणी साधारण 45 अंशांच्या वर नको. उपचार करणाऱ्याने आधी स्वतःचा हात घालून बघायचं, कारण ज्याला काटा लागलाय त्याला वेदनेपुढे भाजल्याचंही कळत नाही. आमच्याकडे कोऱ्या चहासाठी थर्मासमध्ये पाणी होतं. ते खाडीच्या पाण्यात मिसळून डब्यात पोराचा हात धरला. अर्ध्या तासाने तो बोलायला लागला. नंतर दवाखान्यात काट्याचं टोक आत राहिलं नाही ना हे तपासून घेतलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पाकट म्हणजे चाबकासारख्या शेपटीचा चपटा मासा; त्याचा काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो उपटायचा नाही, तसंच हॉस्पिटल गाठायचं.

मुळात शिंगाळा हातात धरायचाच नाही. पक्कडीने तिन्ही काटे मोडायचे, मग गरी काढायची. मासळी बाजारात शिंगाळा घेतलात तर कापणारी बाई आधी काटेच उडवते, बघा कधीतरी.

आता लोखंडी पात्याचं विष. अहो, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मासे विळीवर कापले जातात, आणि विळी लोखंडाचीच असते. पात्याने मासा विषारी होत असता तर हर्णैपासून मालवणपर्यंत कोणी उरलं नसतं. एक मान्य करतो, नाइलाजाने: उघड्या लोखंडाला लिंबू किंवा कोकम लागलं की पातं काळवंडतं आणि तुकडीला किंचित धातूची चव येते. म्हणून पातं पुसायचं, बस्स. बांगडा किंवा कुपा (ट्यूना) बाधतो तो उन्हात पडून राहिल्यामुळे. जंतू माशाच्या मांसात हिस्टामिन हे बाधणारं रसायन तयार करतात आणि ते शिजवूनही जात नाही. तेव्हा सुरीवर जीव टाकण्याआधी बर्फाची पेटी घ्या. मेसेजमध्ये बर्फ हा शब्दच नाही!

स्टेनलेसचं अर्धं खरं आहे. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असलं की वर पातळ थर बसतो आणि गंज रोखतो. पण मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं आणि पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्यातून सुरीच्या पोलादात धारेसाठी कार्बन जास्त असतो, तो थोडं क्रोमियम अडकवून ठेवतो. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडी करूनच म्यानात घाला.

जाडीचं काय सांगायचं! 6 मिलिमीटरचं पातं पाचरीसारखं काम करतं, त्याने बांगडा कापला जात नाही, फाटतो. स्वीडनच्या मोरा गावातल्या सुऱ्या जगभरचे गरवणारे वापरतात, त्यातल्या नेहमीच्या सुरीचं पातं 2.5 मिलिमीटर आहे. काट्यावरून मांस सोडवायचं तर त्याहून पातळ, वाकणारं पातं हवं. सुरमईच्या काट्यासकट तुकड्या पाडायच्या तर घरची विळी कुठल्याही सुरीपेक्षा बरी. पाठीवरच्या दातांत खवले अडकतात आणि जोर द्यायला अंगठा ठेवावा तिथेच ते असतात. पोकळ मुठीत पातं खोलवर जात नाही, ते सांध्यातच मोडतं. त्यापेक्षा मूठ खरखरीत आहे का आणि बोट पात्यावर घसरू नये म्हणून पुढे उंचवटा आहे का, ते बघा. माशाच्या चिकटीने हात घसरतो तेव्हा तोच कामाला येतो.

राहिला परवाना. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती आहेत, 6 इंच नाहीत, आणि घरकामाच्या व शेतीच्या सुऱ्या त्यातूनही वगळलेल्या आहेत. मात्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, त्यात सुऱ्याही येतात. तेव्हा सुरी गऱ्या आणि तंगूस (गळाची दोरी) ठेवतो त्या डब्यात बंद करून न्यावी. आमचं ध्यान कमरेला लटकवून एसटीत चढलं होतं. कंडक्टरने त्याला तिकीट द्यायच्या आधी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितलं.