"आधी मुलाला मोडा, मग घडवा" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

काल रात्री साडेअकराला ताईचा फोन आला, "अगं, पोराच्या खोलीला बाहेरून कडी बसवली तर चालेल ना?" मुलगा चौदा वर्षांचा. गेली दोन वर्षं त्या घरात रोज भांडण, दारं आपटणं, शिव्या, एकदा तर त्याने तिला ढकललं, त्यामुळे ती किती थकलीये ते मला माहितीये. पण कडीची आयडिया तिची नव्हती. "हट्टी मुलाला 21 दिवसांत सरळ करा" असा एक मेसेज फिरतोय, त्यातली होती. मेसेज म्हणतो की ODD-बिओडीडी (मुलांच्या सततच्या टोकाच्या विरोधाचा विकार) असं काही नसतं, पालकांचं ट्रेनिंग म्हणजे लाड करायला शिकवणं, बारा वर्षांनंतर गोड बोलून काही होत नाही, म्हणून मुलाला आधी मोडा. खोलीत बंद करा, तीन दिवस बोलू नका, तुरुंग दाखवून घाबरवा.

ताईला फोनवर नीट सांगता आलं नाही, राग आला होता. म्हणून इथे लिहितेय.

"असा आजार नसतो." ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे तेच ODD, हे निदान उलट उत्तर दिलं म्हणून कोणी देत नाही. चिडणं, वाद घालणं, मुद्दाम त्रास देणं, डूख धरणं अशा आठ लक्षणांपैकी किमान चार, किमान सहा महिने दिसावी लागतात, आणि तीही फक्त भावाबहिणीशी भांडताना नाही. हां, हे लेबल कधीकधी घाईने लावलं जातं हे मान्य. त्यामागे एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा), डिप्रेशन किंवा शाळेतला छळ असू शकतो, तो आधी तपासायला हवा. पण याचा अर्थ त्रास खोटा असा होत नाही.

आता "मोडा" हा मुद्दा, कारण खरा धोका इथे आहे. जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओरेगॉनमध्ये अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, घरात बसून कोण काय बोलतं आणि पुढे काय होतं याच्या नोंदी करून. त्याला जे दिसलं ते ताईच्या घरात रोज घडतं. आई म्हणते मोबाईल ठेव, तो ओरडतो, आई थकून सोडून देते, तो गप्प होतो. तो शिकला की ओरडलं की सुटका होते, आणि आईही शिकली की सोडून दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी आई त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडते, तो दबतो, मग ती शिकते की ओरडणं चालतं. दोघंही एकेक पायरी वर चढत जातात आणि दोघांनाही कळत नाही. आता या जिन्यावर तुम्ही कडी लावणार म्हणजे आणखी चार पायऱ्या एकदम चढणार, आणि चौदा वर्षांचा मुलगा तिथून खाली उतरेल असं वाटतंय का तुम्हाला? तो दार फोडेल, नाहीतर आत एकटा बसून स्वतःला काहीतरी करून घेईल. कडी लावायला सांगणाऱ्याने हा विचार एकदाही केलेला नाही.

आणि तुरुंग दाखवायचं म्हणाल तर ते करून झालंय. 1970च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन कैद्यांकडून घाबरवायचा कार्यक्रम सुरू झाला, मग तो बराच पसरला. अशा कार्यक्रमांच्या 9 ट्रायल्स एकत्र करून कॉक्रेन या संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने रिव्ह्यू केला, निष्कर्ष असा की काहीच न केलेल्या मुलांपेक्षा घाबरवलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले. जास्त! यापुढे मला वेगळं काही बोलायचं नाही.

"ट्रेनिंग म्हणजे लाड." नाही हो. त्यात शिकवतात की सूचना एका वेळी एकच द्या आणि शांत आवाजात द्या, नियम मोजके ठेवा, मोडला तर परिणाम छोटा पण त्याच दिवशी आणि दर वेळी, आणि मुलाने काही नीट केलं तर नेमकं काय नीट केलं ते बोलून दाखवा. ओरडून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, ताईला एक दिवस करून बघायला सांगितलं तर तीच म्हणाली. आणि पालकांना शिकवतात म्हणजे दोष त्यांचा असंही नाही, घरात चोवीस तास तेच असतात म्हणून.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, "सुरुवातीला जास्त बिघडेल, मागे हटू नका". किरकिरीकडे लक्ष देणं बंद केलं की किरकिर आधी वाढते, हे खरंय, आणि तेव्हा हार मानली तर सगळं मुसळ केरात. पण हे किरकिरीला लागू आहे, कोंडलेल्या मुलाच्या किंकाळीला नाही.

बारा वर्षांनंतर उपाय नाही हे तर साफ खोटं. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या नाइस संस्थेच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांत 3 ते 11 वयासाठी पालकांचं ट्रेनिंग आहे आणि 11 ते 17साठी कुटुंब, शाळा सगळ्यांना धरून चालणारे उपचार. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर किशोरांच्या पालकांना सांगतात की लोखंड थंड असताना घाव घाला, म्हणजे भांडणाच्या भरात काही ठरवू नका, दुसऱ्या दिवशी शांतपणे जाऊन सांगा की हे मी चालू देणार नाही, आणि मावशी-काका-मित्र यांना सोबत घ्या, घरातली मारहाण लपवू नका.

म्हणून ताईकडे रविवारी मी जातेय. त्याने तिला ढकललं ही गोष्ट मला माहितीये हे त्याला माझ्या तोंडून कळू दे, ओरडा न करता. सोमवारी काउन्सेलरची वेळ घेतलीये, दोघींनी जायचं, तो आला नाही तरी. कडी बसवायची नाही हे तिने कबूल केलंय.