‘मुलांना रडवणारी पुस्तकं का सुचवता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण पुस्तकं हातात घेऊन लिहिलेली आहे. अशी प्रतिक्रिया क्वचित येते, म्हणून खाली दोन ओळींत ‘धन्यवाद’ न टाकता इथे सावकाश लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना सुट्टीत द्यायच्या कादंबऱ्यांची यादी मी दिली होती. तिच्यातलं ‘पाडस’ ताईंनी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला आणून दिलं. शेवटची पानं वाचून ती रात्री उशिरापर्यंत रडत राहिली. ताई विचारतात, एवढ्या लहान वयात हे दुःख कशाला? ‘बोक्या सातबंडे’ वाचून पोरं उलट उत्तरं द्यायला शिकतात त्याचं काय? संस्कारच करायचे तर ‘श्यामची आई’ घरोघरी आहे, मग ही नवी खटपट का? एवढाली जाड पुस्तकं हल्ली कोण वाचतं? आणि शेवटचा प्रश्न, यादीत मुली कुठे आहेत? त्या शेवटच्या प्रश्नाकडे मीही शेवटीच येते, कारण तो सगळ्यांत अवघड आहे.

आधी ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ ची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला. फ्लोरिडातल्या रानात राहणाऱ्या या बाईंना ‘तिथल्या एखाद्या मुलावर लिहा’ असं सुचवलं होतं त्यांच्या संपादकाने, मॅक्सवेल पर्किन्स यांनी. मराठीत ती आणली राम पटवर्धनांनी, म्हणजे ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांनी. पुस्तकाच्या जन्माला दोन्ही भाषांत संपादक कारणीभूत व्हावा, याची मला आपली उगाच गंमत वाटते. (ज्यांना अजून वाचायचं आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

पाडस घरात येतं तेच एका मरणातून. गोष्टीतला मुलगा ज्योडी. त्याच्या वडिलांना, पेनीला, रानात विषारी साप डसतो. विष ओढून घ्यायला ताजं काळीज हवं म्हणून पेनी तिथल्या तिथे एक हरिणी मारतो. तिचं पोरकं पिल्लू मागे राहतं. आपला बाप वाचला तो याच्या आईच्या जिवावर, आता याला उपाशी मरू द्यायचं का, हा ज्योडीचा सवाल असतो, आणि घरातल्या मोठ्यांकडे त्यावर उत्तर नसतं. पिल्लाला नाव काय ठेवायचं हे विचारायला तो आपल्या दोस्ताकडे जातो, तर दोस्तच वारलेला असतो. मग पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोंब खायला लागतं. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो, पाडस तेही ओलांडतं. मका गेला म्हणजे त्या घराची वर्षाची भाकरी गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाप अंथरुणाला खिळलेला, आईचा नेम चुकतो, आणि घायाळ पाडसाला गोळी घालून वेदनेतून सोडवायची पाळी ज्योडीवरच येते.

या सगळ्या गोष्टीत दुष्ट कोण आहे ते सांगा. आई कडक आहे, पण तिने किती मुलं पुरली आहेत हे लेखिकेने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. पेनीइतका मायाळू बाप तर पुस्तकांत शोधून सापडायचा नाही. कुणीच वाईट नाही आणि तरीही जे व्हायला नको ते होतं, एवढी अवघड गोष्ट आपण मुलांना तोंडी कधी सांगतो? आपण सांगतो राक्षस मेला, राजपुत्र जिंकला. ते सहा वर्षांच्या मुलाला ठीक आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाने एव्हाना आजोबांचं आजारपण पाहिलेलं असतं, बाबांची नोकरी गेलेली कुजबुजीतून ऐकलेली असते. त्याला राक्षस पुरत नाहीत.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, कदाचित महत्त्वाचं न वाटून. दुसऱ्या दिवशी जेवताना मुलीने विचारलं, ‘आई, मग त्यांनी पाडसाला लांब जंगलात का नाही नेऊन सोडलं?’ ताई, तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत मला हे वाक्य सोन्याचं वाटलं. हाच विचार ज्योडीनेही केलेला असतो. माणसाळलेलं जनावर परत येणार हे त्याला कळतं तेव्हा त्याची वाट बंद होते. तुमची मुलगी रडून थांबली नाही, ती ज्योडीच्या जागी उभी राहून दुसरा मार्ग शोधत होती. मी हे पुस्तक ज्यासाठी सुचवलं ते तुमच्या ताटावर घडलं, आणि तुम्ही माझ्यावर रागावलात!

हां, दहा हे वय ‘पाडस’ला थोडं अलीकडचंच. यादीत मी त्याच्यापुढे ‘बाराच्या आसपास’ असं लिहिलं होतं. पण पोरं असल्या रेघा पाळत नाहीत आणि पाळूही नयेत. अशा पुस्तकाच्या शेवटच्या पन्नासेक पानांना घरात कुणी मोठं माणूस जवळपास असावं, इतकंच. समजूत काढायची घाई करू नये. ‘अगं, गोष्ट आहे ती’ हे तर अजिबात म्हणू नये.

आता ‘श्यामची आई’. तुम्ही ते माझ्या यादीच्या विरोधात उभं केलंत, म्हणून जरा उघडून बघू या. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये साने गुरुजींनी ते लिहिलं, १९३५ मध्ये ते छापून आलं. बेचाळीस रात्री आहेत. त्यांत कर्ज आहे, जप्ती आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, आणि अखेरीस आईचं मरण आहे. पोहायला जायला घाबरणाऱ्या पोराला शिंपटीने झोडपणारी आई आहे. एका प्रकरणाचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’ असं आहे! रडवण्याच्या बाबतीत ‘पाडस’ने त्याच्यापुढे हात टेकावेत. आपण ‘संस्कार’ हे लेबल लावलं की आतलं दुःख आपल्याला दिसेनासं होतं, एवढाच फरक. श्याम भित्रा आहे, हट्टी आहे, चुकतो, खोटं बोलतो आणि मग स्वतःशी झगडतो, म्हणून तो नव्वद वर्षं टिकला. आज्ञाधारक श्याम कुणी लक्षात ठेवला नसता.

मी पुस्तक निवडताना एकच गोष्ट बघते. गोष्टीतला निर्णय कोण घेतं? शेवटी काका, मास्तर किंवा पोलीस इन्स्पेक्टर येऊन सगळं निस्तरणार असतील तर ती मुलांची कादंबरी नव्हे, ती मोठ्यांनी मुलांच्या नावावर काढलेली पावती. पान उलटताना वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता पुढचं पाऊल त्या पोरानेच टाकायचंय.

बोक्यावरचा तुमचा राग इथेच येऊन मिळतो. दिलीप प्रभावळकरांनी बोक्या आधी आकाशवाणीसाठी लिहिला, मग तो पुस्तकांत आला, आणि साहित्य अकादमीने २०११ मध्ये त्याला बालसाहित्य पुरस्कारही दिला. पुरस्कार मिळाला म्हणून चांगला, असं मी म्हणत नाही. बोक्या उलट बोलतो हे खरं, पण कुणाला बोलतो ते बघा. जिथे मोठी माणसं एक बोलतात आणि दुसरंच करतात, तिथे तो मधे तोंड घालतो. दुबळ्याला कुणी छळत असेल तर तो त्याच्या बाजूने उतरतो. आता तुमच्या घरात तो वाचून झाल्यावर कुणी तुम्हाला उलट विचारलं असेल, तर प्रश्न काय होता तेही लिहा. मला खरोखर उत्सुकता आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर याहून पुढचा. फुरसुंगीचा बनेश, पुण्यात शाळेला, सायकलवर टांग टाकली की सुटला. मोठ्यांना न सांगता संकटात उडी घेतो, म्हणजे आजच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात त्याची रोज तक्रार येईल. पण ‘ट्टॉक’ म्हणून तो विचार करायला लागला की वाचणाराही विचार करतो. वीस पुस्तकांची मालिका आहे, त्यामुळे एक आवडलं की सुट्टीची चिंता मिटते. भाषा थोडी जुनी आहे, मान्य. फोन लावायला माणूस दुकानात का जातो, असं आमच्या सोसायटीच्या वाचनालयात एका मुलाने मला विचारलं होतं. मी सांगितलं, त्याने मान डोलावली आणि पुढे वाचायला लागला. जुनेपणाची अडचण मुलांपेक्षा आपल्याला जास्त वाटते. ‘गोट्या’ मात्र मी यादीत मुद्दाम घेतला नाही. ताम्हनकरांचा मान राखून सांगते, त्यातलं चांगुलपण आजच्या मुलांना जरा जास्तच गोड लागतं.

जाडीबद्दल. मूल पहिली वीस पानं ओलांडतं की नाही, एवढाच प्रश्न असतो. ती वीस पानं रात्री तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि नेमक्या जागी पुस्तक मिटून दिवा घालवा. पुढचं काम उत्सुकता करते. त्याआधी सराव हवा असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. १९७१ पासूनचे अंक त्यांनी ऑनलाइन मोफत वाचायला ठेवले आहेत. फोनवर मुलं असतातच, तर तेवढा वेळ तिथे जाऊ दे.

पहिल्या यादीत जागेअभावी राहिलेली काही नावं इथे जोडते, सगळी रडवणारी नाहीत! सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, नावावरून कळतंच काय आहे ते, रानात हुंदडायची हौस असलेल्या मुलांना द्या. भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’, ज्यांना थोडं घाबरायला आवडतं त्यांच्यासाठी. ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ मात्र हळू वाचायचं पुस्तक. धरणाच्या पाण्याखाली जाणारं गाव, आणि त्या गावातला मुलगा. पुण्यामुंबईच्या नळाला येणारं पाणी कुणाच्या अंगणावरून आलंय हे भूगोलाचं पुस्तक सांगत नाही. इथेही तुम्ही म्हणाल, पुन्हा दुःखच. हो. पण सुरपारंब्या, ओढा, गुरं, रान हे सगळं आधी भरभरून मिळाल्याशिवाय ते गेल्याचं दुःख होत नाही, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला ते मिळायची तेवढी एकच जागा उरली आहे.

आणि आता मुली. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत, पण मी एकटी नाही, सगळी मराठी मुलांची कादंबरी या पिंजऱ्यात उभी आहे. बनेश, बोक्या, गोट्या, श्याम, समशेर, अनुवादात गेलं तर ज्योडी. सायकल, भूतबंगला, जंगल, गुप्तहेर हे सगळं मुलांच्या वाट्याला. मुलगी आली तर बहीण म्हणून, नाहीतर डबा घेऊन. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आहे. त्यात एक मुलगी आपलं जग स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवते, आणि २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. तुमच्या मुलीला मी पुढचं पुस्तक म्हणून तेच सुचवेन, ‘पाडस’नंतर बरंही वाटेल. ‘तोत्तोचान’ आहे, पण ती जपानमधली आणि कादंबरी नव्हे, आठवणी आहेत. लेखिकेची जिवाभावाची शाळा बॉम्बहल्ल्यात जळते, तेव्हा रुमाल जवळ ठेवावा लागेलच. पण भर पावसात सायकल काढून चोराच्या मागे सुटणारी, घरच्यांचं न ऐकणारी, तोंडावर पडून पुन्हा उठणारी मराठी मुलगी, तीही मालिकाभर? ती माझ्या कपाटात नाही. लेखक मंडळींना भेटते तेव्हा मी हे बोलते, ते हसतात, ‘बघू’ म्हणतात.

तुमच्याकडे किंवा इतर कुणाकडे अशी एखादी कादंबरी असेल, अगदी जुनी, बाजारातून गेलेली असली तरी, नाव आणि प्रकाशक खाली लिहा. मी शोधून वाचीन आणि यादीत वर टाकीन. आणि मुलीला विचारा, ज्योडी परत घरी येतो तो तिला आवडला का. तिचं उत्तर कळवलंत तर बरं होईल.