अपोफिसचा तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका

काल बहिणीकडे गेलो तर सहावीतली भाची दप्तर न उघडता बसलेली. "मामा, दहावीच्या आधीच सगळे मरणार, मग क्लास कशाला?" घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं वाचला होता. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस लघुग्रह आदळणार, नासानं ते दडवलंय, डायनासोरसारखी माणसंही संपणार, लोणारचं पाणी गुलाबी झालं तो इशारा होता, आणि आता कुणाच्या हातात काही नाही.

'दडवलंय' म्हणे! डिसेंबर २००४ मध्ये टक्कर होण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, एवढं खरं आहे. पण ते नासानंच जाहीर केलं होतं. लघुग्रह नवा सापडला की निरीक्षणं मोजकी असतात, त्यामुळे तो कुठून जाईल याचा पट्टा भलताच रुंद निघतो. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आक्रसतो. पृथ्वी त्यात असेपर्यंत टक्केवारी चढते आणि पट्टा बाजूला सरकला की धाडकन शून्यावर येते. इथे तेच झालं. मार्च २००४ च्या जुन्या फोटोंत अपोफिस सापडला आणि २०२९ ची टक्कर बाद झाली. पुढे मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या रडारनं, तो १.७ कोटी किलोमीटरवर असताना, त्याचं अंतर १५० मीटरच्या अचूकतेनं मोजलं. त्यानंतर नासानं सांगितलं की निदान १०० वर्षं धोका नाही. निरीक्षणं जगभरातल्या वेधशाळांची आहेत आणि सगळ्यांसाठी खुली आहेत. दडवणार कोण आणि कुणापासून?

तो जवळून जाणार हे मात्र मान्य. जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटर, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्याही अलीकडून. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलच्या पहाटेचे सव्वातीन झालेले असतील.

डायनासोरांच्या वेळचा दगड १० किलोमीटरच्या आसपास होता, हा साधारण ३४० मीटरचा. आदळला असता तर एखादा प्रदेश उद्ध्वस्त झाला असता, मानवजात नव्हे. लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं ते खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासलेत.

आणि 'हातात काही नाही'? २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्तच कमी झाली. माणसानं आकाशातल्या दगडाची वाट बदलली, आणि आपण पोरांना सांगतोय की काही उपयोग नाही!

भाचीला हे सगळं वहीवर गोल काढून दाखवलं. तिनं विचारलं, "मग पहाटे सव्वातीनला उठवशील?"