वाचनाची अडचण डोळ्यांत नसते: पालकांच्या गटांत फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागांतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जात आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला अक्षरे उलटी किंवा हलताना दिसतात, त्याची नजर ओळीवर ठरत नाही, फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी डिस्लेक्सियाचे, म्हणजे हुशार मुलाचेही वाचन अडवणाऱ्या अडचणीचे, कारण डोळ्यांत असल्याचे सिद्ध केले आहे, त्यामुळे रंगीत काचांचा चष्मा, डोळ्यांचे व्यायाम आणि लक्ष वाढवणारे व्हिडिओ गेम यांनी मूल काही आठवड्यांत वाचू लागते, शिवाय मराठी जशी बोलतात तशीच लिहिली जात असल्यामुळे हा आजार मुळात इंग्रजीचा आहे. वाचन अडलेल्या मुलांना शिकवणे हेच माझे काम असल्याने या मजकुराचे काय परिणाम होतात ते मला दिसते. तो सपशेल खोटा असता तर उत्तर सोपे होते. त्यात खऱ्या संशोधनाचे तुकडे आहेत, पण काढलेले निष्कर्ष त्या तुकड्यांतून निघत नाहीत.

अक्षरे उलटी दिसण्याची कल्पना जुनी आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका हुशार पण वाचू न शकणाऱ्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा या अडचणीला ‘शब्दांधळेपणा’ म्हटले गेले, आणि तेव्हापासून संशयाची सुई डोळ्यांभोवती फिरत राहिली. आपल्याकडे पाचगणीच्या शाळेत चित्रित झालेल्या एका लोकप्रिय हिंदी चित्रपटातील नाचणाऱ्या अक्षरांनी ही समजूत पक्की केली. त्या चित्रपटाने पालकांना मुलाकडे सहानुभूतीने पाहायला शिकवले हे मान्य करूनही, त्यातील ते दृश्य निदान म्हणून वापरता येत नाही. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले काही अक्षरे उलटी काढतात. बैल डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, तो बैलच, हे मेंदूला उपजत कळते; अक्षरांच्या बाबतीत मात्र ही सवय मोडावी लागते आणि त्याला वेळ लागतो. रोमन लिपीत ‘बी’ आणि ‘डी’ ही छोटी अक्षरे एकमेकांची आरशातील प्रतिमा आहेत, त्यामुळे तिथे हा गोंधळ उठून दिसतो. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि ३ व ६ हे आकडे वगळले तर अशा जोड्या जवळजवळ नाहीत. दोष उलटे दिसण्याचा असता, तर मराठी शाळांतील मुले त्यातून बहुतांशी सुटली असती. ती सुटलेली नाहीत, आणि त्यांच्या चुकाही निराळ्याच असतात: जोडाक्षरापाशी थांबणे, पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज करणे, एकच ओळ दुसऱ्यांदा वाचतानाही तितकेच अडखळणे.

नजर ओळीवर ठरत नाही, हे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेले कारण चुकीचे आहे. कोणाचीच नजर ओळीवर सरळ सरकत नसते. ती उड्या घेते, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, आणि सराईत वाचकही अधूनमधून मागे वळतो. मजकूर समजत नसेल तर थांबे वाढतात आणि मागे वळणेही वाढते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला त्याच्या वाचनपातळीचा मजकूर दिला की त्याच्या डोळ्यांची हालचाल त्या पातळीच्या इतर मुलांसारखी दिसते. अवघड मजकुरावर अडखळणारी नजर हा अडचणीचा परिणाम आहे. तिला व्यायाम देऊन अडचण जात नाही.

फ्रान्सचा उल्लेख बहुधा रेन येथील दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासाचा असावा. त्यांनी डिस्लेक्सिया असलेले ३० आणि नसलेले ३० विद्यार्थी तपासले आणि दोन डोळ्यांच्या दृष्टिपटलांवरील एका सूक्ष्म रचनेतील फरक पहिल्या गटात दिसत नाही, असे नोंदवले. दोन छोट्या गटांतील फरकावरून कोणते कारण आणि कोणता परिणाम हे ठरत नाही. याच्या समोर ठेवण्याजोगा अभ्यास इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांचा आहे, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात ते नऊ वर्षांच्या ५,८०० हून अधिक मुलांची दृष्टी तपासली गेली. वाचनाची गंभीर अडचण असलेल्या सुमारे तीन टक्के मुलांपैकी बहुतेकांचे डोळे निर्दोष निघाले.

रंगीत काचांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. १९८०च्या दशकापासून त्या विकल्या जात आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून रंगीत भिंगे व डोळ्यांचे व्यायाम यांना डिस्लेक्सियावरचा उपचार म्हणून मान्यता देण्यास नकार दिला. २०१४ मध्ये वाचनाच्या अडचणीवरील वेगवेगळ्या उपायांच्या २२ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवणे या एकाच उपायाचा ठोस परिणाम दिसून आला. मुलाला नंबर असेल तर नंबरचा चष्मा लावलाच पाहिजे, कारण फळ्यावरचे दिसलेच नाही तर वाचणार काय. पण तो डिस्लेक्सियावरचा इलाज होत नाही.

मजकुरातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग लक्षाचा आहे, आणि इथे मला त्याच्या लेखकाशी अर्धे सहमत व्हावे लागते. डोळे निर्दोष असले तरी पानावरच्या गर्दीतून नेमके अक्षर निवडणे, शेजारची अक्षरे क्षणभर बाजूला सारणे आणि एका दृष्टिक्षेपात चार-पाच अक्षरे पकडणे ही कामे मेंदूची आहेत, आणि काही मुलांत ती खरोखर कमकुवत असतात. इटलीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचायला शिकण्यापूर्वीच मुलांचे दृश्य लक्ष मोजले गेले आणि त्यावरून पुढील वाचनाचा काही अंदाज बांधता आला. अक्षरांमधील अंतर वाढवून छापलेला मजकूर डिस्लेक्सिया असलेली मुले कोणत्याही सरावाविना अधिक चांगला वाचतात, हेही त्याच वर्षी इटालियन व फ्रेंच मुलांत दिसले. सांगलीतल्या कोणत्याही शिक्षकाला हा उपाय फुकटात करता येईल, पण मजकुरात नेमका तोच नाही. मुलांना एकूण १२ तास व्हिडिओ गेम खेळवण्याच्या ज्या प्रयोगावर मजकुरातील दावा उभा आहे तो २०१३ चा आहे. त्यात एकूण २० मुले होती, म्हणजे प्रत्येक गटात दहा. असा प्रयोग पुढच्या संशोधनाला दिशा देतो, पण त्याच्या बळावर घरोघरी मोबाइल हातात देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

दृश्य लक्षाच्या बाजूने दिलेले पुरावेही दुहेरी अर्थाचे असतात. २०१० मधील एका फ्रेंच प्रयोगात अक्षरे, अंक आणि निरर्थक चिन्हे क्षणभर दाखवली गेली. डिस्लेक्सिया असलेली मुले अक्षरांत आणि अंकांत मागे पडली, चिन्हांत नाही. दोष केवळ पाहण्याचा असता तर चिन्हांतही ती मागे पडली असती. ज्या आकृतीला नाव आणि आवाज जोडलेला आहे तिथेच ती अडतात. २०१३ चा आणखी एक अभ्यास याहून बोलका आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूत हालचाल टिपणारा भाग कमी सक्रिय असतो, हे आधीच माहीत होते आणि तेच कारण असल्याचे मानले जात होते. या अभ्यासात त्यांची तुलना समवयस्कांऐवजी त्यांच्याच वाचनपातळीच्या लहान मुलांशी केली, तेव्हा फरक उरला नाही. आणि ध्वनींवर आधारित वाचनशिक्षण दिल्यावर त्या भागाची सक्रियता वाढली. डोळ्यांच्या कोणत्याही व्यायामाविना हे घडले. म्हणजे दृश्य दुर्बलतेचा काही भाग कमी वाचन झाल्यामुळे निर्माण झालेला असतो.

शेवटचा दावा मराठीचा, आणि माझ्या मते तोच सर्वाधिक हानी करतो. उच्चारानुसारी लिपीत चुका कमी होतात हे खरे. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच व इंग्लिश प्रौढांची तुलना झाली; इटालियन डिस्लेक्सिकांचे वाचन तुलनेने बरे होते, पण वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग तिन्ही गटांत कमी सक्रिय होता. अशा भाषांत अडचण चुकांऐवजी संथपणात दिसते, आणि ‘हळू वाचतो, पण वाचतो’ असे म्हणून आपण ती सोडून देतो. शिवाय मराठी लिपी वाटते तितकी सरळ नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ एकसारखा लिहिला तरी वेगळा उच्चारला जातो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. ‘स्थिती’त तर ती संपूर्ण जोडाक्षराच्या आधी येते. ‘धर्म’मधील रफार ‘म’च्या डोक्यावर असतो, पण ‘र’ म्हणायचा असतो ‘म’च्या आधी. घ–ध आणि भ–म यांतला फरक एका गाठीत किंवा तुटलेल्या शिरोरेघेत असतो. दृश्य लक्षाला इथे रोमन लिपीपेक्षा अधिक काम आहे, आणि अक्षरसंख्याही मोठी असल्यामुळे कन्नडसारख्या सजातीय लिपीत हे शिक्षण चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते असे आढळले आहे. तरीही मूळ अडसर बहुतेकदा आवाजाचाच असतो. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे तोंडी विचारून पाहावे. पुस्तक मिटलेले असते, डोळ्यांना काही काम नसते, आणि अनेक मुले तिथेच अडतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील व्याख्याही हेच धरते: विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे बोली किंवा लिखित भाषेवरील प्रक्रियेतील उणीव. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली तपासणी मराठीतही उपलब्ध आहे. परीक्षेतील सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राकरिता बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मूल तपासतात. दृष्टी आणि श्रवण आधी पाहिले जाते, ते यासाठी की तिथे दोष असल्यास तो वेगळा करता यावा. चष्म्याच्या दुकानातील चिठ्ठी या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, आणि रंगीत काचांच्या परिणामाची वाट पाहण्यात तिसरी आणि चौथी निघून गेली तर पाचवीत मुलाला पहिलीची अक्षरे नव्याने शिकवावी लागतात.