इंजिन ऑइलमध्ये रॉकेल ओतायच्या आधी हे वाचा

रविवारी सकाळी आईचा फोन. "तुझे बाबा स्वयंपाकघरातलं नरसाळं घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलेत, शेजाऱ्यांकडून रॉकेलची बाटली आणलीय, म्हणतायत गाडीचा आवाज घालवतो." मी म्हटलं आधी पळ, बाटली काढून घे, मग फोन त्यांना दे. कारण तो मेसेज मलाही दोन ग्रुपवर आला होता, "अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी आवाज करते? गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका, पाच घरगुती उपाय". मी वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, ते आता देतोय.

पहिला उपाय म्हणे, इंजिनमधून टकटक येत असेल तर ऑइलमध्ये अर्धा लिटर रॉकेल घाला आणि ५० किलोमीटर गाडी पळवा, कार्बन साफ होतो. अहो, छोट्या गाडीत इंजिन ऑइल असतं तीन-साडेतीन लिटर, त्यात अर्धा लिटर रॉकेल म्हणजे सगळं तेल खूपच पातळ. क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये धातूला धातू लागत नाही तो फक्त मधल्या तेलाच्या पातळ थरामुळे, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याच थरावर सगळ्यात जास्त दाब येतो. तो थर तुटला की बेअरिंग खरवडतं, आणि आधी नसलेली टकटक आता कायमची सुरू होते, मग इंजिन उघडल्याशिवाय इलाज नाही. जुने मेकॅनिक रॉकेलने इंजिन धुवायचे हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते ऑइल बदलायच्या वेळी, गाडी जागेवर उभी ठेवून चार-पाच मिनिटं नुसती चालू ठेवायची आणि लगेच सगळं काढून टाकायचं. रस्त्यावर पळवायची नाही! आणि खरंच टकटक येत असेल तर आधी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून बघा, तेल कमी आहे का. ते मेसेजमध्ये कुठेच नाही. तेल बरोबर असूनही खालून जड ठोके येत असतील आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वाढत असतील तर गाडी बंद करा आणि टो करून न्या.

दुसरा मुद्दा, "हे सगळे आवाज ई२० पेट्रोलमुळे, १०० ऑक्टेनवालं भरा, एका टाकीत बंद." ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल (ई१० मध्ये १० टक्के). चढाला वरच्या गिअरमध्ये जोर दिला की इंजिनातून खर्रर्र असा बारीक धातूचा आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात, पेट्रोल-हवेचं मिश्रण आपल्या आपण भलत्या वेळी पेटतं म्हणून येतो. इथेनॉल ते कमी करतं, वाढवत नाही, त्याचा ऑक्टेन नंबर (इंधन नॉकिंग किती रोखतं त्याचा आकडा) १०८ च्या आसपास आहे. अर्धं खरं एवढंच की जुन्या गाड्यांना ई२० चा त्रास आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या इथेनॉल रोडमॅपमध्येच लिहिलंय की मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के पडतं, रबरी पाइप आणि सीलचा प्रश्नही असतो. पण मायलेज वेगळं, आवाज वेगळा. नॉकिंग असेल तर महाग पेट्रोलने थोडं कमी होईल हेही मान्य, पण आधी गिअर खाली टाका, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या सैल माउंटिंगचा धडधडाट आणि बेअरिंगची घरघर कुठल्याच पेट्रोलने जाणार नाही.

इंजिनचा बेल्ट किंचाळतो तर खोबरेल तेल लावा हा तिसरा. तेलाने रबर फुगतं आणि बेल्ट अजून घसरतो, बदलून टाका, विषय संपला. वळताना कटकट येते ती "जुन्या गाडीला येतेच" हा चौथा, तेही चूक. पुढच्या चाकाच्या आत अ‍ॅक्सलवर रबरी बूट असतो, तो फाटला की ग्रीस उडून जातं आणि धूळ आत जाते, मग जॉइंट वाजायला लागतो. बूट फाटलेला वेळेत दिसला तर नुसता बूट बदलून भागतं, नंतर अख्खा अ‍ॅक्सल.

पाचव्याने मात्र मी हादरलो. सायलेन्सरच्या बाजूने फटफट आवाज आला तर एम-सील लावा. इंजिनजवळ तो पाइप काहीशे डिग्री तापतो, तिथे ते टिकत नाही. आणि गळतीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, काचा बंद करून एसी लावून घरची माणसं मागे झोपलेली असतील आणि तो वायू आत येत असेल तर कळणार कसं? हे लिहिणाऱ्याने विचार तरी केला का?

बाबांच्या गाडीचा आवाज खंबाटकी घाट चढताना यायचा, पत्रा थरथरल्यासारखा. मी फोनवरच सांगितलं, मोकळ्यावर या, हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्या. उभ्या गाडीतही २,००० आरपीएमला तोच आवाज आला, म्हणजे चाक, अ‍ॅक्सल यांचा संबंध नाही. (फक्त पळताना येत असता तर तिकडे बघावं लागलं असतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी वेगाबरोबर चालूच राहत असता तर चाकाचं बेअरिंग.) गाडी थंड झाल्यावर बाबांनी खाली वाकून सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा हलवला, तो खुळखुळला. एक बोल्ट गंजून तुटला होता. गॅरेजवाल्याने मोठी स्टीलची क्लिप आवळून दिली, दहा मिनिटांचं काम.

बाटली शेजाऱ्यांकडे परत गेली. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या गाडीला वळताना कटकट आहे असं बाबा म्हणाले, त्यांना आजच बूट बघायला सांगितलंय.